गॅस भरण्याआधी ब्लोअरवर टॉर्च मारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात खाडीच्या बाजूला आठव्या मजल्यावर फ्लॅट, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, आर-३२ गॅसचा, तीन वर्षं जुना. रात्री दोन-तीन तास बरा चालतो, मग गारवा कमी होतो आणि पहाटे इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळतं. सुरू केल्या केल्या कुबट वास येतो. मेकॅनिकने आउटडोअरला गेज लावलं आणि ‘गॅस कमी आहे, साडेतीन हजार’ असं सांगितलं. तर गॅस भरावा का, दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करून घ्यावं का, घरच्या घरी काय साफ करता येतं? आणि जाता जाता, गिरगावात आईकडे विंडो एसीचं पाणी खोलीत येतं, त्याचं काय?

गॅस आत्ता भरू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं मला गॅसची कमी आणि हवेची जास्त वाटतात.

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, की वापरला तसा संपत जाईल. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस टाकणं म्हणजे तो पुन्हा हवेत सोडायची सोय करणं. ‘दरवर्षी थोडा टॉप-अप लागतोच’ हे वाक्य ऐकलं की समजा, समोरचा माणूस एक तर शिकलेला नाही किंवा तुम्हाला शिकवतोय.

आता गेजबद्दल. मशीन बंद ठेवून गेज लावलं असेल तर त्या आकड्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही. नळ्यांमध्ये द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर बंद मशीनमधला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशाला आर-३२चा दाब २६५ पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं माप) आसपास दिसणार, मग आत ८०० ग्रॅम असो की ५००. मशीन चालू ठेवून गेज लावलं तरी इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर सतत वेग बदलतो, त्याबरोबर काटाही हलतो. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या आर-२२ (जुन्या एसींतला गॅस) मशीनवर सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर, ६०-७० पीएसआय बघून ‘ठीक आहे’ म्हणणं चालायचं. तीच सवय इन्व्हर्टरवर लावणारे अजून पुष्कळ आहेत. इन्व्हर्टरमध्ये गॅस वजनावर भरतात. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेल्या प्लेटवर लिहिलेलं असतं. आतला गॅस काढायचा, व्हॅक्यूम करायचं, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून घ्यायची, आणि वजनकाट्यावर मोजून तेवढाच आत सोडायचा. ज्याच्याकडे वजनकाटा नाही त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नका.

मग तुमच्याकडे काय होत असावं? इनडोअरमध्ये हवा खोलीतून वर ओढली जाते, जाळीच्या फिल्टरमधून जाते, थंड कॉइलवरून (पातळ पत्र्यांत गुंफलेल्या गॅसच्या नळ्या) उतरते आणि खालच्या लांबट, गोल ब्लोअरमधून खोलीत परत येते. या वाटेत कुठेही अडथळा आला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. कॉइल शून्याखाली उतरते आणि तिच्यावरचं दव गोठायला लागतं. बर्फ जमला की हवा आणखी अडते, म्हणून आणखी बर्फ. दोन-तीन तासांत गारवा बसतो. पहाटे कॉम्प्रेसर मंदावला किंवा तुम्ही एसी बंद केला की तो सगळा बर्फ एकदम वितळतो. एवढं पाणी छोट्याशा ट्रेला झेपत नाही, ते मागून भिंतीवर उतरतं. कॉइलचा सेन्सर बर्फ होऊ नये म्हणूनच दिलेला असतो, पण मळकट कॉइलवर, किंवा सेन्सर जागचा हललेला असेल तर, तो वेळेवर जागा होत नाही.

खात्री करायची तर गारवा कमी झाल्यावर, पाणी यायच्या आधी, एसी बंद करून पुढचं पॅनल उघडा, फिल्टर काढा आणि कॉइलवर टॉर्च मारा. संपूर्ण कॉइलवर सारखा पांढरा थर दिसला तर हवा अडली आहे. एकाच टोकाला किंवा एकाच पट्ट्यात बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी बारीक नळीवरही बर्फ दिसतो. बर्फ कुठेच नाही आणि पाणी मात्र तासाभरातच गळायला लागतं, तर ड्रेन तुंबलाय. फोटो काढून ठेवा. फोटो दाखवला की पुढचा मेकॅनिकही जपून बोलतो.

दुसरी तपासणी थर्मामीटरची. स्वयंपाकघरात वापरतात तो सळीचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. एसी १६ वर, पंखा सगळ्यात जोरात, दारं-खिडक्या बंद, आणि १५-२० मिनिटं थांबा. १६ यासाठी की इन्व्हर्टरने पूर्ण वेग घ्यावा. एरवी खोली गार झाली की तो मुद्दाम मंद चालतो आणि आकडा फसवतो. मग वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत जाते, तिथलं तापमान घ्या आणि खाली पाती उघडतात तिथलं. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असला तर गॅसच्या बाजूने मशीन धडधाकट आहे. ऐन पावसाळ्यात फरक थोडा कमी दिसतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते. फरक १२च्या वर गेला आणि हवा मात्र फुंकर घातल्यासारखी येतेय, तर पुन्हा तेच: हवेची वाट अडली आहे.

आता ब्लोअर. एसीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. एमसीबी (बोर्डवरचा एसीचा मेन स्विच) बंद करा, खालची पाती हाताने हळूच उघडा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून आत फोटो काढा. लांब पिंपासारखा एक गोल पंखा दिसेल, त्याला बारीक, वाकडी पाती. नव्या मशीनमध्ये ती स्वच्छ काळी किंवा राखाडी असतात. तीन वर्षं न धुतलेल्या मशीनमध्ये प्रत्येक पात्याच्या आतल्या वळणात करड्या रंगाचा, ओलसर, मखमली थर बसलेला असतो आणि त्यावर काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बुरशी. तुमचा कुबट वास तिथूनच येतो. वास लपवायला अत्तराच्या कुप्या जाळीत अडकवू नका, दोन वास एकत्र येतात एवढंच. वळणातली जागा या थराने भरली की पातं हवा पकडतच नाही, नुसतं फिरतं. फिल्टर चकाचक, कॉइल बरी, तरी हवा मंद, असं असेल तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार ब्लोअर असतो. आणि हा थर फिल्टर धुऊन किंवा ‘ड्राय सर्व्हिस’ करून निघत नाही. त्याला पाण्याचा जेट लागतो.

म्हणजे तुम्हाला हवी आहे ती वेट सर्व्हिस, गॅस नव्हे. ती घरी करू नका. ब्लोअर आणि कॉइल धुताना शेजारीच पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) असतो, दोन-तीन सेन्सर असतात, मोटर असते. मेकॅनिककडून करून घेताना मात्र जवळ उभे राहा. इनडोअरखाली पिशवी बांधून तिचं तोंड बादलीत सोडलंय का, पीसीबीची बाजू प्लास्टिकने गुंडाळलीय का, एवढं आधी बघा. ब्लोअर हाताने फिरवत फिरवत धुवायचा असतो, नाहीतर एकच बाजू साफ होते. पंखा हेलकावे खाऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी ‘आवाज येतोय’ म्हणून तुम्ही त्याला फोन करता. बादलीत पहिलं पाणी चहासारखं येतं, मग राखाडी. पाणी नितळ होईपर्यंत थांबायला सांगा. घाई तिथेच होते.

त्याच्या हातात अ‍ॅसिडची बाटली दिसली तर आवरा. अ‍ॅसिडने कॉइल पाच मिनिटांत चांदीसारखी चमकते, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा वरचा थरच विरघळलेला असतो. निळ्या किंवा सोनेरी कोटिंगच्या फिन्स, म्हणजे कॉइलवरचे हे पातळ पत्रे, असतील तर ते कोटिंगही जातं, आणि खाडीकाठी तेच तर तुमचं कवच. कॉस्टिक, ब्लीचिंग, फिनाइल यांनाही हाच नकार. साधं पाणी आणि मळ फारच असेल तर कॉइलसाठीच बनवलेला सौम्य क्लीनर, तोही भरपूर पाण्याने धुऊन काढायचा.

व्हिनेगर फवारण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो, त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. तांब्याच्या नळीला आतून-बाहेरून वारुळासारखी बारीक बारीक बिळं पडण्याचा एक गंजाचा प्रकार आहे. डोळ्यांना भोक दिसत नाही, पण गॅस जातो. त्याला ओलावा, हवेतला ऑक्सिजन आणि सेंद्रिय आम्ल या तीन गोष्टी लागतात. कॉइल कायम ओली असते, ऑक्सिजन आहेच. व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल. तिसरी गोष्ट आपणच बाटलीने का पुरवायची? नव्या प्लायवूडच्या, फेविकॉलचा वास न गेलेल्या खोल्यांतही अशा आम्लाची वाफ असते. नवं फर्निचर झालं की सुरुवातीचे काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून खोलीला हवा द्या, लगेच बंद करून एसी लावू नका.

खाडीचा आणि नाल्याचा त्रास वेगळा. साचलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच. तो तांबं काळं पाडतो आणि हळूहळू खातो, पीसीबीवरच्या टाक्यांनाही सोडत नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, माहीम, मिठी नदीच्या काठचा भाग, इथे तरुण मशीनची कॉइल लीक होते ती बऱ्याचदा यामुळे. इनडोअरच्या कॉइलच्या टोकाला जी यू-आकाराची वळणं असतात ती तपकिरीऐवजी काळी ठिक्कर झाली आहेत का, हे सर्व्हिसच्या वेळी पॅनल उघडलं असताना बघून घ्या. झाली असतील तर निदान वॉरंटी कार्ड शोधून ठेवा. कॉम्प्रेसरची वॉरंटी लांबलचक असते, कॉइलची बहुतेकदा नाही, आणि गंजाला सूट दिलेली आहे का ते बारीक अक्षरांत असतं.

जेट झाल्यावर दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एक, कॉइलमधला सेन्सर. वायरीच्या टोकाला पेन्सिलच्या टोकाएवढी तांब्याची कांडी असते, ती कॉइलवरच्या छोट्या नळीत खोचलेली असते. धुताना ती काढतात आणि घाईत बाहेरच लोंबकळत ठेवतात. मग एसी अवेळी बंद पडतो, नाहीतर बर्फ करतो, आणि निदान काय होतं? ‘पीसीबी गेला.’ दुसरी, ट्रेचं बूच. बहुतेक इनडोअरच्या ट्रेला डावी-उजवीकडे मिळून पाण्याच्या दोन वाटा असतात. एकीला ड्रेन पाइप, दुसरीला रबरी बूच. ते नीट बसलं नाही तर पाणी सरळ भिंतीवर. शेवटी वरून एक तांब्या पाणी हळूहळू कॉइलवर ओतायला सांगा आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला धार येते का ते बघा. धार यायला हवी. थेंब थेंब आलं तर काम अर्धं राहिलंय.

ड्रेनबद्दल लोक कमी बोलतात, पण कोकणपट्टीत पाण्याच्या तक्रारी गॅसच्या तक्रारींपेक्षा जास्त. दमट रात्री पूर्ण क्षमतेने चालणारा दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी काढतो. हे पाणी कुठल्याही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर बाहेर जातं. पाइपला मध्ये पोट आलं असेल, म्हणजे तो खाली झोळून पुन्हा वर चढत असेल, तर त्या पोटात धूळ आणि शेवाळ मिळून जेलीसारखा गोळा तयार होतो. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तरी आतली हवा अडते आणि पाणी मागे फिरतं. टोक नेहमी पाण्याच्या वर, मोकळं ठेवा. किडे जाऊ नयेत म्हणून काही जण त्यावर फडकं बांधतात. महिन्याभरात त्याचंच बूच होतं. तुंबलेला ड्रेन साफ करायला बाहेरच्या टोकाला ओला-कोरडा व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून घेणं सगळ्यात बरं. तोंडाने फुंकू नका आणि उलट्या बाजूने जोराचा दाबही देऊ नका, गोळा ट्रेमध्ये परत येतो.

आता तुमच्या हातचं काम. फिल्टर पंधरा दिवसांनी, समोर बांधकाम किंवा मेट्रोचं खोदकाम चालू असेल तर आठवड्याने. एमसीबी बंद, पॅनल वर, फिल्टर खालून किंचित उचलून काढायचे. सुकी धूळ ब्रशने झाडा, मग नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ जिथून आली तिथूनच बाहेर पडते. समोरून पाणी मारलं की ती जाळीत घट्ट बसते. तेलकट वाटला तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. गरम पाणी नको, जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवा. ओला फिल्टर म्हणजे बुरशीला आमंत्रण. मोठ्या जाळीच्या पुढे-मागे ज्या छोट्या पट्ट्या असतात, धूलिकणांसाठी किंवा वासासाठी, त्या बहुतेक धुवायच्या नसतात. मॅन्युअलमध्ये बघा, वापरून काळ्या पडल्या असतील तर काढून टाका. त्यांच्याशिवाय एसी चालतो, तुंबलेल्या पट्ट्यांसह मात्र गुदमरतो.

फिल्टर काढला आहेच तर कॉइलचा वरचा भाग जुन्या मऊ टूथब्रशने किंवा रंगाच्या ब्रशने वरून खाली, फिन्सच्या दिशेने हलकेच झाडा. आडवा ब्रश फिरवू नका. दोन फिन्समधली फट दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि पत्रा इतका पातळ की नखानेही वाकतो. हातमोजे घाला, त्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. बाजारात मिळणारे फेसाचे स्प्रे मी घरी वापरायला सुचवत नाही. फेस मळ सुटा करतो, पण धुऊन नेणारं पाणी पुरेसं नसतं, आणि सुटलेला सगळा चिखल ट्रेमध्ये जाऊन ड्रेनच्या तोंडाशी बसतो. सकाळी स्प्रे, रात्री गळती.

वासासाठी एक सवय पुरेशी आहे: झोपून उठल्यावर एसी तडक बंद न करता अर्धा तास फॅन मोडवर चालू द्या. ओली कॉइल आणि ब्लोअर वाळतात, बुरशीला ओलावा मिळत नाही. तुमच्या रिमोटवर ‘ऑटो क्लीन’ असेल तर ते बटण मुख्यतः हेच करतं; नावावर जाऊन ते एसी धुतं असं समजू नका. डिसेंबर-जानेवारीत एसी बंद ठेवणार असाल तर त्याआधी असाच फॅन दोन-तीन तास चालवा. जुलै-ऑगस्टमध्ये ड्राय मोड वापरा.

आउटडोअरविषयी माझं मत कडक आहे: आठव्या मजल्यावरच्या आउटडोअरला तुम्ही हात लावायचा नाही. खिडकीतून वाकून झाडूही नाही. मेकॅनिक छज्ज्यावर किंवा बाहेर उतरणार असेल तर सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला पक्की जागा हवी. खिडकीचं ग्रिल ही पक्की जागा नव्हे. बेल्टशिवाय आला तर परत पाठवा. ‘रोजचंच आहे हो’ हे तो म्हणणारच. आत उभं राहून हात पोचत असेल, बाल्कनीत किंवा सर्व्हिस डक्टमध्ये मशीन असेल, तर एमसीबी बंद करून साध्या होजने, जोर न लावता, पाणी फिन्सवर सरळ मारायचं. तिरपं मारलं की फिन्स आडव्या होतात. मेकॅनिकने जाळी काढून आतून बाहेर धुतलं तर उत्तम. आउटडोअरचं झाकण मात्र तुम्ही उघडायचं नाही. इन्व्हर्टर बोर्डच्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर ताण राहतो.

त्याच वेळी ब्रॅकेट बघून घ्यायला सांगा. आउटडोअरचं वजन २५-३५ किलो, खाली रस्ता, आणि खारा वारा. साध्या लोखंडाचे रंगवलेले अँगल वेल्डिंगच्या जोडापाशी आणि भिंतीतल्या बोल्टपाशी आधी गंजतात. पापुद्रे सुटताना दिसले तर ब्रॅकेट बदला, रंग मारून झाकू नका. ठाण्यात राहून दरवर्षी मशीनला जेट मारणारे पण ब्रॅकेटकडे कधीच न पाहणारे लोक मी खूप पाहिलेत.

कबुतरं. आउटडोअरच्या मागे घरटं झालं की काड्या आणि विष्ठेने मागची कॉइल लिंपली जाते आणि आम्लधर्मी विष्ठा फिन्स खाते. जाळी लावा, पण मशीनला गुंडाळून नको. समोर दोन-तीन फूट मोकळी हवा हवीच. पावसाळ्यात प्लास्टिकची खोळ घालू नका. ते मशीन पावसात भिजण्यासाठीच बनवलेलं आहे. खोळीत वाफ कोंडते, पाली आणि उंदीर सुखाने राहतात, आणि बोर्डवर पाल आडवी पडली की कितीही स्टारचा एसी असो, जळतो. नव्या टॉवरमध्ये सगळ्या मजल्यांची आउटडोअर एकाच डक्टमध्ये असतात. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांचे एसी मे महिन्याच्या दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतात, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडतात. त्यावर सर्व्हिसिंगचा इलाज नाही, सोसायटीच्या सभेत विषय काढावा लागतो.

विजेचं थोडक्यात. एसी बंद केल्यावर प्लग काढून पिना बघा. एखादी पिन तपकिरी झाली असेल किंवा सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट डाग असेल तर जोड सैल आहे; सॉकेट बदला, एसीला साजेसा धातूच्या खोक्याचा प्लग-सॉकेट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. बंद करताना आधी रिमोट, मग एमसीबी.

तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगची गरज नाही. रात्रीपुरता एसी वापरणाऱ्या घराला वर्षातून एक चांगली वेट सर्व्हिस पुरते, ती जानेवारी-फेब्रुवारीत करा. मार्चअखेर सगळं ठाणे एकाच वेळी फोन करतं आणि मेकॅनिक एका घराला वीस मिनिटं देतो. तुम्ही खाडीकाठी आहात आणि पावसाळ्यातही एसी लावता, म्हणून ऑक्टोबरमध्ये दुसरी करून घ्या. वार्षिक कराराचा कागद घेताना त्यात गॅस, पीसीबी आणि कॉइल धरले आहेत का ते वाचा. ‘तीन सर्व्हिस मोफत’ म्हणजे बऱ्याचदा तीनदा फिल्टर झटकणं असतं. वेट सर्व्हिस किती, हे लिहून घ्या.

बिलाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. वरचं १६ फक्त तपासणीपुरतं. रोज १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नसते, फक्त एसी थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ दाखवतात. एक अंश वाढवला की वीज ६ टक्क्यांच्या आसपास वाचते असं ब्युरो सांगतं. २६ आणि सोबत छतावरचा पंखा मंद, हे कोकणातल्या हवेला मानवतं.

तर क्रम असा ठेवा. आधी वेट सर्व्हिस. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर. फरक ८च्या खाली राहिला, किंवा कॉइलच्या एका टोकालाच बर्फ दिसला, तरच गॅसचा विषय. तेव्हाही आधी गळती शोधायची. फ्लेअर नट, म्हणजे नळ्या जोडणारे नट, आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर आणि इनडोअरच्या मागे असतात. तिथे तेलाचा ओशट डाग दिसला तर तीच जागा. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. तिथे नसेल तर नायट्रोजन भरून दाब धरून ठेवतात आणि गेजचा काटा उतरतो का बघतात. नायट्रोजनच. ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं तर त्याला घरात घेऊ नका, कॉम्प्रेसरच्या तेलाबरोबर तो स्फोट करतो. आर-३२ हलकासा ज्वलनशील आहे, म्हणून गॅस पूर्ण काढल्याशिवाय नळीला सांधकामाच्या टॉर्चची ज्योत लावायची नाही, आणि काम चालू असताना खिडकी उघडी. जोड सांधला, मग पंप लावून व्हॅक्यूम. लाइनमधली हवा काढायला थोडा गॅस सोडून ‘पर्ज’ करतात, ते पुरत नाही. आत ओलावा राहिला की काही महिन्यांत तेल खराब होतं.

आता आईकडचा विंडो एसी. त्यात बहुधा काहीच बिघडलेलं नाही, बसवण्यात चूक आहे. विंडो एसी मागे, रस्त्याच्या बाजूला, किंचित कललेला हवा. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. जुन्या इमारतीत लाकडी चौकट वर्षानुवर्षं भिजून पुढून बसते आणि कल उलटा होतो, म्हणून पाणी खोलीत. मेकॅनिकने मशीन बाहेर काढून धुतलं आणि चौकटीत तसंच ढकललं तरी हेच होतं. वर आडवी बाटली ठेवून बघा, पाणी कुठे झुकतं ते कळेल. पुढच्या कडेखाली पट्टी सारायला सांगा. पावसाळ्यात आतून छप छप आवाज येतो त्याला घाबरू नका. मागच्या पंख्याच्या कडेला कडं असतं, ते तळातलं पाणी उचलून गरम कॉइलवर उडवतं आणि कॉइल थोडी गार होते. हा आवाज ऐकून कोणीतरी तळाला भोक पाडून देतो. कंपनीने दिलेली ड्रेनची जागा असेल तर ती वापरा. एरवी भोक पाडू देऊ नका. पत्रा तिथूनच गंजत जातो आणि पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या छज्ज्यावर.